तीन वर्षांचा रहिवास

आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या ज्या लहान शहरात मी नर्स म्हणून काम करते, तिथे आता मराठी घरं बऱ्यापैकी झाली आहेत. गणपतीला किंवा हळदीकुंकवाला जमलो की नव्याने आलेलं कुणीतरी मला बाजूला घेतं आणि विचारतं, "ताई, मुलांच्या शिक्षणाला इकडे साधारण किती खर्च येतो?" मी त्यांच्यापेक्षा जुनी, म्हणून मला विचारतात. पूर्वी मी घडाघडा सांगायचे. हल्ली जरा थांबते. या जुलैत मी दोन आठवड्यांसाठी माझ्या माहेरी, अकोले तालुक्यातल्या डोंगरातल्या गावी जाऊन आले, आणि या प्रश्नाचं माझ्याजवळचं उत्तरच बदललं. ज्यांचं एखादं मूल अजून तिकडे आहे, त्यांच्यासाठी हा प्रवास लिहून ठेवते आहे.

आधी घरातलं थोडं सांगायला हवं. तीन वर्षांपूर्वी मी एकटी इथे आले. सहा महिन्यांनी माझा नवरा सुनील आणि धाकटा ओम आले. थोरली साक्षी मात्र माझ्या वडिलांकडे, आबांकडे, गावी राहिली. ती तेव्हा आठवीत होती. दहावीपर्यंत तिला हलवायचं नाही, बोर्डाची परीक्षा होऊ द्यायची, असं आम्ही ठरवलं. आपल्याकडे दहावी म्हटलं की सगळं घर चपला काढून चालतं, त्यामुळे कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. मला तर अजिबातच नाही. आमच्या डोंगरात आईबाप जून महिन्यात मुलांना आश्रमशाळेत सोडतात आणि कामाला निघून जातात. मी स्वतः दुसरीपासून पत्र्याची पेटी घेऊन आश्रमशाळेत राहिलेली. शिक्षणासाठी मूल लांब ठेवायचं असतं, हे माझ्या अंगवळणी पडलेलं होतं.

मग गेल्या वर्षी जेवणाच्या सुट्टीत केरळच्या एका सहकारी नर्सने मला विचारलं, "तुझी मुलगी कधी येणार? तीन वर्षांचा नियम माहीत आहे ना?" मला माहीत नव्हता. इथल्या कॉलेजांत फीचे दोन दर असतात. एक युरोपातल्या मुलांचा आणि दुसरा बाहेरून आलेल्यांचा, तो कितीतरी पट. आपल्यासारख्या नोकरीवर आलेल्या घरातल्या मुलाला कमी दर हवा असेल, तर बहुतेक ठिकाणी पहिला प्रश्न असतो की कॉलेजच्या आधीच्या पाच वर्षांतली तीन वर्षं तू युरोपात राहिलास का. बाकी बारकावे कॉलेजागणिक वेगळे, ते ज्याने त्याने विचारून घ्यावेत. मी तिथेच बोटं मोजली. साक्षी दहावी झाल्यावर ऑगस्टमध्ये आली, तर कॉलेजच्या आधी इथल्या शाळेची तीन वर्षं होतात. बारावी करून आली, तर हातात एकही वर्ष नाही, आणि तो दुसरा दर आमच्या दोघांच्या पगाराच्या आवाक्यातला नाही. आम्ही तिच्या व्हिसाची धावपळ सुरू केली. तो मिळाला. पासपोर्ट आबांच्या पेटीत जाऊन पडला. आता फक्त जाऊन तिला घेऊन यायचं होतं. मला तरी तसं वाटत होतं.

नगर

आता पाटीवर अहिल्यानगर लिहितात, पण कंडक्टर अजून नगरच ओरडतो. थेट गावी न जाता आधी इथे उतरले, कारण साक्षीचं लसीकरणाचं कार्ड आणि सातवीपर्यंतची प्रगतिपुस्तकं शमीमभाभींकडे राहिली होती. शमीमभाभी म्हणजे आमच्या घरमालकीण. त्यांच्या माडीवरच्या दोन खोल्यांत आम्ही नऊ वर्षं काढली. हॉस्पिटलात माझ्या पाळ्या असायच्या तेव्हा दोन्ही मुलं त्यांच्याच स्वयंपाकघरात जेवायची.

भाभींनी दालचा आणि भात केला होता. तीन वर्षं आठवण काढत होते तीच चव. त्यांनी कपाटातून कागदांची पिशवी काढून माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाल्या, "पोरीला न्यायला आलीस, बरं केलंस. पण एक विचारू? तेव्हाच का नाही नेलीस गं?"

"दहावी होती ना, भाभी."

"तेव्हा तर ती सातवी पास झाली होती."

एवढं बोलून त्यांनी माझ्या ताटात आणखी भात वाढला. मी मान खाली घालून जेवले. नंतर बसची वाट बघताना प्रगतिपुस्तकं चाळली. प्रत्येक चाचणीखाली पालकाच्या सहीच्या जागी माझी सही होती, एकीकडे घाईत केलेली, एकीकडे तेलाच्या बोटाचा डाग पडलेली.

अकोले, राजूर आणि पुढे

संगमनेरला बस बदलली. प्रवरेच्या कडेने ऊस, मग डाळिंब, मग अकोल्याच्या पुढे रस्ता चढायला लागतो आणि भाताची खाचरं सुरू होतात. राजूरला उतरून पेढे घेतले आणि जीपमध्ये बसले.

इथे माझी फजिती झाली. आयर्लंडहून मी एक जॅकेट मिरवत आणलं होतं. तिकडच्या दुकानदाराने ते कुठल्याही पावसात चालेल अशी खात्री दिली होती. त्या बिचाऱ्याने भंडारदऱ्याचा जुलै पाहिलेला नाही. आयर्लंडचा पाऊस वर्षभर चिरचिर करतो. आमच्याकडचा आडवा येतो आणि बसलेल्या माणसाच्या मांडीवर साठतो. जीपच्या कडेला बसून तासाभरात मी आतल्या बनियनपर्यंत भिजले. माझ्या शेजारची बाई खताच्या गोणीची खोळ डोक्यावर घेऊन बसली होती, ती कोरडी ठणठणीत. तिने माझ्या जॅकेटची बाही बोटांनी चाचपून पाहिली.

"केवढ्याला घेतलं, बाई?"

मी खरी किंमत सांगितली नाही.

"गोनी फुकट मिळती," ती म्हणाली.

धरणाच्या मागच्या अंगाला आमचं गाव आहे, तीस-चाळीस घरांचं. जीप थांबली तेव्हा आबा रस्त्यावर छत्री घेऊन उभे होते. आबा आश्रमशाळेत स्वयंपाकी होते. चाळीसेक वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या पोरांना शिजवून घातलं, त्या वेळी त्यांची स्वतःची पोरगी, म्हणजे मी, दुसऱ्या गावच्या आश्रमशाळेत जेवत होती. आई लवकर गेली. आता घरात आबा आणि साक्षी दोघंच.

साक्षी शेतावरून आली. पिंढऱ्यांपर्यंत चिखल, डोक्यावर तशीच खोळ. मधे एकदा मी येऊन गेले होते, तेव्हा ती माझ्या खांद्याला लागायची. आता बरोबरीने उभी होती. मी पुढे झाले, तोवर ती वाकली आणि माझ्या पाया पडली. मग तांब्याभर पाणी आणून ठेवलं आणि चुलीकडे गेली. घरी पाहुणा आला की करतात तेवढं सगळं तिने केलं.

गाव

पहिल्याच दिवशी मी चूक केली. जेवण झाल्यावर मी पिशवीतून कागद काढला. त्यावर सगळं नीट लिहून आणलं होतं: आता आलीस तर शाळेची तीन वर्षं, मग कॉलेजची फी इतकी, आणि बारावी करून आलीस तर इतकी. दोन रकान्यांत. मी नर्स आहे, पेशंटला समजावतात तसं तिला समजावत होते. तिने सगळं ऐकून घेतलं. मग माझ्याकडे न बघता आबांना म्हणाली, "म्हंजी आता नेलं तर मी स्वस्तात पडती. व्हय ना, आबा?"

मी हातातल्या कागदाची परत घडी घातली.

थोड्या वेळाने आबाच घसा खाकरून बोलले. "अजून एक हाय. तिनं राजूरच्या कॉलेजात अकरावी सायन्सला ॲडमिशन घेतलीया. मोबाईलवर फॉर्म भरला, नंबर लागला. शाळा सोडल्याचा दाखला तिकडंच जमा हाय."

"आणि मला कुणी सांगितलं नाही?"

"मीच म्हनलो, भर फॉर्म," आबा म्हणाले. "म्या न्हाई कशाला म्हनू तिला?"

या दोघांनी मिळून मला फसवलं, असं मी हसत म्हणायचा प्रयत्न केला. कुणी हसलं नाही.

पुढचे तीन दिवस भाताची आवणी होती. आमच्याकडे आवणी सुरू झाली की घरी कुणी आलंय म्हणून कुणी थांबत नाही. आलेल्यानेच खाचरात उतरायचं. मीही उतरले. साक्षी रोपांची मूठ डाव्या हातात धरून उजव्या हाताने अशी भराभर लावत जायची की तिची ओळ पुढे निघून जायची आणि मी मागे राहायचे. शेजारच्या हिराकाकी माझी मजा बघत होत्या. "अगं बाय, पेशंटला सुई टोचतीस का रोप लावतीस? दाब की चिखलात." सगळ्या बाया हसल्या, साक्षीही हसली. आल्यापासून मी तिला पहिल्यांदा हसताना पाहिलं, त्यामुळे हिराकाकींनी आणखी दोन-चार टोमणे मारले असते तरी मला चाललं असतं.

त्या तीन दिवसांत मी तिला नुसती बघत होते. नगरला असताना ती 'आहे', 'नाही' म्हणायची. आता तिच्या तोंडात 'हाय' आणि 'न्हाई' बसलं होतं. आबांची रक्तदाबाची गोळी कोणत्या डब्यात आहे, हे तिला माहीत होतं आणि आबांना माहीत नव्हतं. ती आबांशी, हिराकाकींशी, म्हशीशी बोलायची. मला मात्र तिने एकदाही आई म्हणून हाक मारली नाही. मला काही सांगायचं असलं की ती मी दिसेपर्यंत थांबायची आणि मग सुरुवात करायची. हाक मारायची वेळच येऊ द्यायची नाही, आणि बोलतानाही 'तू' की 'तुम्ही' ते टाळायची. हे माझ्या लक्षात आलं तेव्हा मी शेताच्या बांधावर होते. मी पुन्हा खाचरात उतरले.

फळीवर तिची आठवी ते दहावीची प्रगतिपुस्तकं होती. ती उघडली. सगळीकडे पालकाच्या सहीच्या जागी आबांची सही होती, थरथरत्या अक्षरातली, आडनाव ओळीच्या बाहेर गेलेली.

चौथ्या दिवशी दुपारी आबांनी खाचरातून खेकडे धरून आणले. रस्सा करायचा होता. मी मोठ्या उत्साहाने पाटी हातात घेतली आणि नांगी बघून दचकले. पाटी कलंडली आणि सगळे खेकडे घरभर झाले. एक धान्याच्या कणगीखाली, एक माझ्या बॅगेत. आबा काठीने त्यांना गोळा करत होते. "एवढी माणसं कापाय-शिवायला मदत करतीस, अन् खेकड्याला भितीस?" साक्षी कॉलेजचं काही विचारायला मैत्रिणीकडे गेली होती. आम्ही दोघंच चुलीपाशी बसलो. नाचणीच्या भाकरी, खुरासणीची चटणी आणि तो रस्सा. आयर्लंडमध्ये समुद्र दारात आहे, पण असा खेकडा नाही.

खाता खाता आबा म्हणाले, "तुला आश्रमशाळेत सोडली, ते आठवतं का?"

"पेटी आठवते. तुम्ही वळून बघितलं नाही, ते आठवतं."

"आठ दिसांनी मी परत आल्तो."

मला हे माहीत नव्हतं.

"तुला न्यायलाच आल्तो. तुझी आय घरात जेवत न्हवती. मी कुंपनाबाहेर हुभा ऱ्हायलो. तुमी पोरी जेवनाच्या रांगंत हुत्या, हातात ताटली. तू रडत न्हवतीस. मला वाटलं, रुळली पोर. मंग तसाच माघारी आलो." ते भाकरीचा तुकडा रश्श्यात बुडवून तसाच धरून बसले. "आजवर कदी इचारलं न्हाई तुला. रुळली हुतीस का गं?"

तीस वर्षांहून जास्त झाली होती. मी खोटं सांगू शकले असते आणि म्हाताऱ्याला बरं वाटलं असतं.

"नाही रुळले, आबा. रांगेत रडलं की बाई मागे पाठवायच्या. म्हणून रडत नव्हते."

त्यांनी मान हलवली. हातातला तुकडा ताटात ठेवला. मग ते म्हणाले, "साक्षी बी रडत न्हाई. तुझ्याशी फोनवर बोलती, ठेवती, अन् म्हशीकडं जाती."

मी हात धुतले आणि तो दोन रकान्यांचा कागद चुलीत टाकला. त्याने काही सुटलं नाही, पण तो कागद घरात नकोसा झाला होता.

राजूरचं कॉलेज

दुसऱ्या दिवशी साक्षी स्वतःहून म्हणाली, "दाखला काढायचा असंल तर आज चलावं लागंल. उद्या सुट्टी हाय." जायचं ठरलं, असं मात्र ती म्हणाली नाही. मीही विचारलं नाही.

कॉलेजच्या ऑफिसात एक वयस्कर क्लार्क होते, भाऊसाहेब म्हणत होते त्यांना. प्रवेश रद्द करायचा तर साधा अर्ज लिहायचा, पालकाचा, खाली विद्यार्थ्याची सही. "पालकाची एकट्याची चालत न्हाई," त्यांनी चष्म्यावरून बघत बजावलं. "कारन लिहा सविस्तर."

मी बाकावर बसून अर्ज लिहिला. अशा अर्जांचं मराठी आपल्याला पाठ असतं. उच्च शिक्षणासाठी परदेशी जात असल्याने माझ्या पाल्याचा प्रवेश रद्द करून मूळ दाखला परत मिळावा, ही विनंती. सही केली आणि कागद साक्षीपुढे धरला. तिने वाचला, पेन घेतलं नाही, आणि उठून व्हरांड्यात जाऊन उभी राहिली. भाऊसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी तिच्या मागे गेले.

व्हरांड्याच्या पत्र्यावरून पाण्याच्या धारा पडत होत्या. मला काय बोलायचं होतं, ते जीपमध्ये मनात घोळवलं होतं. त्यातलं काहीच आठवलं नाही.

"दहावी हे निमित्त होतं," मी म्हणाले. "तेव्हा आमच्याकडे एकच खोली होती आणि आधी एकालाच नेता येणार होतं, हे खरं आहे. पण ओमला का नेलं आणि तुला का ठेवलं, तर तू शहाणी होतीस म्हणून. समजूतदार आहे, राहील, असं आम्ही म्हणालो. ओम रडला असता. तू रडणार नाहीस, हे मला माहीत होतं. त्याचा मी फायदा घेतला. नंतर दुसरी खोली झाली, तरी तुला आणलं नाही. चुकले मी."

ती पावसाकडे बघत होती.

"फीसाठी येऊ नकोस," मी म्हणाले. "तुला इथे बारावी करायची असेल तर कर. पुढे कधी यावंसं वाटलं तर ये, तेव्हा जी फी असेल तिचं आपण बघू. भरता आली नाही तर दुसरं काही शिकशील. मी तिथे लोकांच्या आया सांभाळते, त्यांना भरवते, त्यांचे केस विंचरते. तुझे केस मी तीन वर्षांत विंचरले नाहीत. मला तू हवी आहेस, म्हणून न्यायला आले. हे पहिल्या दिवशीच सांगायला हवं होतं, ते सोडून मी तुला हिशोब दाखवला."

साक्षीने विचारलं, "आबांचं काय?"

"विचारलंय. ते येत नाहीत म्हणतात."

"न्हाईच येनार. त्यांचं भात कोन कापंल." मग ती म्हणाली, "त्या लोकांचा नियम बराबर हाय पन."

"कोणता?"

"तीन वर्षांचा. तीन वर्षं संगं राहिल्याबिगर कोन कुनाला आपलं कसं म्हननार?" पहिल्यांदा तिने सरळ माझ्याकडे पाहिलं. "मी येती. पन मला लगेच काय वाटंल, असं समजू नको. मला बी तीन वर्षं लागतील."

तिने मला 'समजू नको' म्हटलं. पाच दिवसांनी तिच्या तोंडून एकेरी ऐकल्यावर मला किती बरं वाटलं, हे इथे कुणाला सांगूनही कळणार नाही.

आत येऊन मी अर्जावरची कारणाची ओळ खोडली आणि वर लिहिलं, 'मुलीला आईवडिलांजवळ राहता यावे म्हणून.' भाऊसाहेबांनी कागद परत केला. "खाडाखोड चालत न्हाई, ताई. नवा लिहा." मी नवा लिहिला, पहिल्यापासून, माझ्या चांगल्या अक्षरात. साक्षीने तो दोनदा वाचला आणि खाली सही केली. तिची सही मी कधी पाहिलीच नव्हती. आबांसारखीच आहे, आडनाव ओळीच्या बाहेर जातं.

परत

निघायच्या आधीचे दिवस तिने आबांच्या मागे घालवले. गोळ्यांच्या डब्यावर मोठ्या अक्षरात वार लिहिले. व्हिडिओ कॉल कसा घ्यायचा ते आबांना इतक्यांदा शिकवलं, की आबा वैतागून म्हणाले, "मी शंभर पोरांचा सैपाक केलाय, एक बटन दाबता यील मला." हिराकाकींनी आबांचं जेवण बघायचं कबूल केलं. त्यांचा धाकटा मुलगा म्हैस सांभाळणार होता. साक्षी त्याला म्हशीच्या सवयी सांगत बसली होती.

आबा जीपपर्यंत आले. त्यांनी काळभाताची, आमच्याकडच्या वासाच्या तांदळाची, पाच किलोची पिशवी आणली होती, शिवून घेतलेली. मी सांगितलं, विमानात वजन होईल. त्यांनी ऐकलं नाही, माझं जॅकेट काढून ठेवायला सांगितलं. ते काही कामाचं नाही, हे त्यांना हिराकाकींकडून कळलं होतं. जॅकेट गावीच राहिलं.

साक्षी पाया पडली तेव्हा ते म्हणाले, "आता मला कुंपनाबाहेर हुभं राहून बघता यायचं न्हाई. म्हनून तूच सांगायचं. रुळली तर रुळली म्हन, न्हाई तर न्हाई म्हन." ती हो म्हणाली. जीप वळेपर्यंत ती मागे बघत राहिली, आणि या वेळी आबाही उभे राहून बघत होते. धरण मागे पडल्यावर ती रडली. मी तिचा हात धरला. तिने काढून घेतला नाही.

आता ज्यांना खर्च विचारायचा आहे, त्यांच्यासाठी सांगते. सरकारी पैशावरच्या शाळेला फी नाही. पुस्तकं बहुतेक शाळेकडूनच मिळतात. गणवेश लागतो, आणि त्यातला शाळेचा शिक्का असलेला स्वेटर महाग असतो. शाळा वर्गणी मागते, ती ऐच्छिक म्हणतात, पण आठवण दोनदा करतात. साक्षी ज्या वर्गात बसली त्यात सहली आणि शिबिरं फार, त्यांचे वेगळे पैसे. वयाच्या बारा वर्षांनंतर आलेल्या मुलांना इथली आयरिश भाषा शिकण्यातून सहसा सूट मिळते, ती मागून घ्यावी. कॉलेजचं वर सांगितलंच आहे. आणि एक खर्च असा आहे, जो कुठल्याही कॉलेजच्या यादीत नसतो आणि ज्यात सवलत मिळत नाही. साक्षीची आठवी, नववी आणि दहावी मला माहीत नाही. ती कशाला हसली, कुणाशी भांडली, पहिल्यांदा पोटात दुखलं तेव्हा कुणाकडे गेली, हे हिराकाकींना माहीत आहे. ते मी आता कुठल्याच दराने परत आणू शकत नाही. म्हणून 'दहावी होऊ दे' असं कुणी म्हणालं, की मी त्यांना घरी बोलावते आणि काळभात करून वाढते, म्हणजे मला बोलायला वेळ मिळतो.

साक्षी शाळेत जाते. मराठी 'हाय' आणि 'न्हाई' तसंच आहे. ओम ते शिकायला लागला आहे. आबांना ती रोज शाळेतून आल्या आल्या फोन करते, त्यांची गोळीची वेळ तेव्हाच असते. आबा पहिलं वाक्य ठरलेलं विचारतात, "रुळली का?" ती रोज "न्हाई अजून" सांगते, आणि आबा "बरं" म्हणतात.

इथल्या शाळेत मुलांना एक डायरी असते. तिच्यावर दर आठवड्याला पालकाची सही लागते. सुरुवातीपासून साक्षी ती डायरी सुनीलपुढे ठेवत आली. मी समोर बसलेली असले तरी. मी काही बोलले नाही. गेल्या शुक्रवारी मी भांडी घासत होते. ती आली आणि ओट्यावर माझ्या कोपराशी डायरी उघडून ठेवली. "आई, हात पूस. सही कर," म्हणाली, आणि पेनाचं टोपण काढून उभी राहिली.

त्या दिवशी तिला इथे येऊन तीन महिने झाले होते. मलाही, तिची आई म्हणून.